दात चांगलाच होता

“तोंडानं सांगाय येत न्हाई मॅडम, वाजवूनच दावतो,” असं म्हणून सुखदेवनं मांडीवरची काळी पेटी उघडली आणि तपासणीच्या खुर्चीत बसल्याबसल्याच क्लॅरिनेटचे तुकडे एकात एक बसवायला लागला.

खरं तर त्याला अडवायला हवं होतं. दंत महाविद्यालयातली सकाळची ओपीडी, बाहेरचे बाक भरलेले, शेजारच्या खुर्चीवर माझी मैत्रीण एका आजींचे दात साफ करत होती. पण तोवर त्यानं माउथपीस ओठांत धरलंसुद्धा. नवरी मांडवातून निघते तेव्हा बँडवाले संथ सुरात जे वाजवतात ते त्यानं सुरू केलं. विभागातली यंत्रं एकेक करत बंद पडली. आजी तोंडात बोळा तसाच ठेवून उठून बसल्या. बाहेरच्या बाकावर एक बाई पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. तिची लेक नुकतीच सासरी गेली असावी.

मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होते. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात, सगळा भार त्यांनीच पेलायचा असतो. सुखदेव वरच्या सुरात गेला की त्याचे मधले दोन दात वर सरकायचे, खाली आला की खाली यायचे. जमिनीतून उपटत आलेला खुंटा जनावरानं ओढला की हलावा, तसे ते हलत होते.

तो थांबला. “बघितलं? दुखत न्हाई, मॅडम. पर भरवसा ऱ्हाइला न्हाई. वाजवताना सुराकडं ध्यान ऱ्हात न्हाई, दाताकडंच जातंय.”

सुखदेव ऐवळे तेव्हा तेविशीचा होता. गाव जतच्या बाजूचं. घरात पिढ्यान् पिढ्या सनई, मग आजोबांनी बँड उभा केला, आणि आता त्या बँडमध्ये पुढं उभं राहून वाजवणारा हा. त्याच्याबरोबर त्याचा थोरला भाऊ बजरंग आला होता. तो आत न येता दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मी मिरजेला हिरड्यांच्या विकारांत पदव्युत्तर शिक्षण घेत होते, दुसऱ्या वर्षाला. सुखदेवचं तोंड उघडून बघितलं आणि आधी बरंच वाटलं. ना कीट, ना किडलेली दाढ, दात पांढरेशुभ्र. तंबाखू नाही, मिश्री नाही. मग हिरडीच्या कडेनं मापाची सळई आत घातली. ती जिथं थांबायला हवी तिथं थांबली नाही. आत जातच राहिली.

एक्स-रे घेऊन मी शिरगुप्पी सरांकडे गेले. सर आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. हिरड्यांच्या रोगावर त्यांनी उभी हयात घालवली होती. त्यांनी फिल्म उजेडाला धरली. पुढच्या दातांभोवतीचं हाड मुळाच्या टोकाजवळपर्यंत झिजलं होतं. पहिल्या दाढांपाशी तर करवंटीसारखे खड्डे.

“म्हाताऱ्याचं हाड या पोराच्या तोंडात,” सर म्हणाले. “घराण्यात कुणाला होतं का, विचार.”

विचारायची गरज पडली नाही. दारातून बजरंग म्हणाला, “माझं बी बघा,” आणि त्यानं तोंड उघडलं. वर एकही दात नव्हता. खाली दोन सुळे आणि मागं एक दाढ. त्याचं वय पस्तिशीच्या आसपासचं.

“मी बी क्लॅरनेटच वाजवायचो. सुख्याच्या वयाला हे सुरू झालं. आता मागच्या वळीत झांज वाजवतो,” तो म्हणाला. “आमच्या म्हाताऱ्याचं बी असंच. गावात म्हंत्यात, ऐवळ्यांच्या घराला कुणाचा तरी तळतळाट लागलाय.”

“तळतळाट नाही हो. आजार आहे हा,” मी म्हणाले. “काही घराण्यांत असतो. तरुणपणीच दाताभोवतीचं हाड खातो.”

“त्याला औषध हाय?”

“आहे की,” मी म्हणाले. त्या वयात अशी उत्तरं पटकन येतात.

माझ्या प्रबंधाचा विषय या आजाराशी निगडितच होता. हिरडीखाली मुळावर जंतूंचा थर बसतो तो खरवडून काढावा लागतो. तो हातातल्या अवजारानं काढलेला बरा की यंत्रानं, हे मी तपासत होते. त्यासाठी असे दात हवे असत जे काही झालं तरी काढावेच लागणार आहेत. ते आधी साफ करायचे, मग काढायचे, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मुळाचा पृष्ठभाग बघायचा. सरांनी सुखदेवला हे सगळं समजावून सांगितलं. खालचा एक पुढचा दात वाचणारच नव्हता, तो अभ्यासाला घेतला. बाकीचे वाचवायचे असं ठरलं.

“वाजवणं मात्र बंद,” सर म्हणाले. “या दातांना विसावा पाहिजे.”

सुखदेवनं भावाकडे बघितलं. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यानंतर ज्येष्ठ संपेपर्यंत बँडवाल्यांना उसंत नसते.

“किती दीस?”

“मी सांगेपर्यंत.”

“वाजवत न्हाई,” सुखदेव म्हणाला. आणि त्यानं खरोखरच वाजवलं नाही.

असा पेशंट मला पुढच्या सगळ्या नोकरीत क्वचितच भेटला. सांगितल्या वाराला, सांगितल्या वेळेला, दाढी करून, धुतलेला सदरा घालून यायचा. औषधाची गोळी चुकवायचा नाही. ब्रश कसा धरायचा हे मी एकदाच दाखवलं आणि दुसऱ्या खेपेला त्यानं माझ्यापेक्षा सफाईनं फिरवून दाखवला. मी त्याच्या हिरड्या उघडल्या, एकेक मूळ खरवडलं, टाके घातले. हातात अवजार असलं की मुळाचा खडबडीतपणा बोटांना कळतो. तो जाऊन काचेसारखं गुळगुळीत लागेपर्यंत मी थांबत नसे. पाठ मोडून यायची, पण मला त्याच्या बाबतीत कुठंही कसूर करायची नव्हती.

प्रत्येक खेपेला बजरंग बरोबर असायचा. मी काय करते ते दारातून बघत राहायचा. कधी कधी विचारायचा. जंतू दिसतात का? ते बापाकडनं पोराकडं जातात का? आधीच, दात हलायच्या आत साफ केलं तर? मला वाटायचं, भावाची काळजी आहे.

बँडमध्ये सुखदेवच्या जागी सांगोल्याचा एक वादक आणला होता. “कसा वाजवतो?” मी एकदा टाके काढताना विचारलं.

“सुरात हाय,” सुखदेव म्हणाला. “पर नवरी निघताना कुणी रडत न्हाई.” आणि स्वतःच हसला.

हिरड्या सुधारल्या. लालबुंद, सुजलेल्या होत्या त्या गुलाबी झाल्या, दातांना घट्ट चिकटून बसल्या. रक्त यायचं थांबलं. सळई थोडी कमी आत जायला लागली. मी सरांना बोलावून दाखवलं. सरांनी पाठीवर थाप मारली. सुळे आणि मागच्या दोन दाढा आवळल्यासारख्या वाटत होत्या. मी सुखदेवला आरशात दाखवलं, तर तो स्वतःच्या हिरड्यांकडं परक्याचं काही बघावं तसा बघत राहिला.

“मग आता वाजवू?”

“पुढचा एक्स-रे बघू आणि सांगते.”

एक्स-रे आला तेव्हा मार्च संपत आला होता. मी जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली. वरच्या पुढच्या चार दातांचं हाड आणखी झिजलं होतं. आता मुळाचं टोकसुद्धा मोकळं दिसत होतं. मला वाटलं फिल्म चुकीच्या कोनातून घेतली गेली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. सर आले, त्यांनी तिन्ही बघितल्या.

“वरून हिरडी सुंदर भरलीय,” ते म्हणाले. “पण आत थांबलेलं नाही.”

“सर, माझं काही राहिलं का?”

“तुझं काही राहिलेलं नाही, शुभदा. याच्यापेक्षा जास्त मीही केलं नसतं.” ते चष्मा पुसत राहिले. “काही तोंडांत हा आजार ऐकत नाही. का ऐकत नाही, ते मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.”

सुखदेवला सांगायचं काम माझं होतं. मी त्याला खुर्चीवरून उठवून माझ्या टेबलासमोर बसवलं. कसं सांगावं याची मनात उजळणी केली होती, पण त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तोच म्हणाला, “काढाय लागत्यात?”

“वरचे चार.”

त्यानं जिभेनं वरचे दात चाचपले. मग हळूच म्हणाला, “तुमी सांगितलं तसं सगळं केलं की मी.”

“हो. सगळं केलंत.”

“एक दीस बी वाजवलं न्हाई.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्याला खरोखरच पुढचं वाक्य हवं होतं. बजरंग दारातून पुढं आला, त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. “चल,” म्हणाला, “काय त्ये एकदाचं उरकून टाकू.”

उरकायला वेळ लागलाच नाही. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, चिमटा उचलला, आणि पहिला दात माझ्या बोटांतच आला. जोर लावावाच लागला नाही. चारी दात तसेच आले. पांढरे, लांबसडक मुळांचे, कुठं डाग नाही.

तेही अभ्यासाला घेऊ का, असं सरांनी विचारलं, तेव्हा सुखदेवनं होकाराची मान हलवली. कापूस चावून बसलेला असल्यानं त्याला बोलता येत नव्हतं. त्याच्या वतीनं बजरंग म्हणाला, “घ्या. पर काय दिसतंय ते आमाला बी बघू द्या.”

त्या काळी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आमच्याकडे नव्हता. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत नमुने न्यावे लागत. मे महिन्यात तारीख मिळाली. मी मिरजेहून निघाले, ते दोघं जतहून पहाटेच्या एस.टी.नं परस्पर आले. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसले होते. सुखदेव चटणीत भाकरी भिजवून कुस्करून खात होता.

तिथल्या तंत्रज्ञानं नमुने दाखवले. सुखदेवचे दात पिवळे चमकत होते. बजरंग वाकून बघायला लागला.

“हे काय केलंय?”

“सोन्याचा मुलामा दिलाय,” मी सांगितलं. “अगदी पातळ. त्याशिवाय या यंत्रात दिसत नाही.”

“म्हंजी तोंडात हुता तवा काय न्हाई, आन् काढल्यावर सोनं,” बजरंग म्हणाला. तंत्रज्ञ हसला. सुखदेव हसला नाही.

खोलीत अंधार केला आणि यंत्राचा पडदा उजळला. आधी सगळं राखाडी. मग एकदम मुळाचा पृष्ठभाग पुढं आला, पावसानं धुतलेल्या कातळासारखा सपाट. जंतूंचा एक कण नाही, किटाचा एक तुकडा नाही. एका ठिकाणी कापलेला भाग होता, तिथं दाताच्या आतल्या बारीक नळ्या दिसत होत्या, हजारोंनी, एकीला खेटून एक, ओळीनं. मी पुस्तकांतली चित्रं बघितली होती. इतकं स्वच्छ चित्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तंत्रज्ञसुद्धा म्हणाला, “मॅडम, हा नमुना एक नंबर झालाय.”

“खाली घ्या,” मी म्हणाले.

चित्र मुळाच्या टोकाकडे सरकलं. तिथं काही धागे लोंबत होते. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे धागे असतात, त्यांतले शेवटचे उरलेले. विरलेल्या सुतळीसारखे.

“हे काय?” सुखदेवनं विचारलं.

“दात याच्यानं हाडाला धरलेला असतो.”

“एवढ्यावरच हुता?”

“शेवटी शेवटी एवढ्यावरच.”

तो पडद्याजवळ गेला. “एवढ्यावर मी वाजवत हुतो,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आता बिघडलंय कुठं त्ये दावा.”

मी तंत्रज्ञाला चित्र वर घ्यायला सांगितलं. खाली घ्यायला सांगितलं. मोठं करायला सांगितलं. तो दात मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. शेवटी मला म्हणावं लागलं, “सुखदेव, दातात बिघाड नाहीच. दात चांगलाच होता.”

“चारी?”

“चारी.”

त्यानं पडद्यावरच्या मुळावर बोट ठेवलं.

“बिघाड हाडात होता, रक्तात होता,” मी म्हणाले. “तो इथं दिसत नाही.”

“मग कुठल्या मशिनीत दिसतो?”

“अजून तसं मशीन नाही.”

सुखदेवनं मान डोलवली आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला. बजरंग मात्र पडद्यासमोरच उभा राहिला. फोटोची एक प्रत मिळेल का, असं त्यानं तंत्रज्ञाला विचारलं, आणि मिळाली तशी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

त्या फोटोनं पुढं माझ्या प्रबंधाचं सोनं केलं. परीक्षकांनी तो हातात घेऊन एकमेकांना दाखवला. “मूळ इतकं स्वच्छ करता येतं याचा हा पुरावाच,” असं एक जण म्हणाले. पेशंटचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. तो माझ्या विषयाचा भागच नव्हता.

सुखदेवला आम्ही चार दातांची प्लेट करून दिली. सरांच्या ओळखीच्या कारागिरानं ती इतकी बेमालूम केली होती की हसला तर कळायचं नाही. सर म्हणाले, “आणा तुमचं क्लॅरिनेट, बघू या.” त्यानं पेटी आणली. विभागातली सगळी मंडळी गोळा झाली; सगळ्यांना पहिला दिवस आठवत होता. त्यानं माउथपीस ओठांत घेतलं, फुंक मारली. प्लेट टाळूवरून सुटली, वारा बाजूनं निसटला आणि क्लॅरिनेटमधून मोरानं ओरडावं तसा आवाज आला. त्यानं प्लेट अंगठ्यानं दाबून बसवली आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. आम्ही सगळे तोंडावर हसू ठेवून उभे होतो. “होईल, होईल सवय,” माझी मैत्रीण म्हणाली.

सुखदेवनं क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

काही महिन्यांनी तो प्लेट घासून घ्यायला आला तेव्हा बँजो शिकत होता. तेव्हा आमच्या भागात बँडची सद्दी संपत आली होती आणि गावोगाव बँजो पार्ट्या निघत होत्या. “जमतंय का?” मी विचारलं.

“बोटं चालत्यात,” तो म्हणाला. “पर बँजोला दम लागत न्हाई, मॅडम. छाती भरून येती ती तशीच ऱ्हाती.”

त्यानंतर सुखदेव मला भेटला नाही. बजरंग आला, दिवाळीच्या सुट्टीत. या वेळी तो दारात थांबला नाही. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या, रिबिनी, चांगली धीट.

“माझी उज्ज्वला,” तो म्हणाला. “हिचे बघा जरा.”

तेव्हा कुठं मला कळलं, इतके दिवस तो दारात उभा राहून कुणासाठी विचारत होता आणि कोल्हापूरला पडद्यावर काय शोधत होता.

उज्ज्वलाचं पुढं काय झालं ते आधीच सांगते. मिरज सोडेपर्यंत मी आणि नंतर माझ्या मागून आलेल्या डॉक्टरांनी तिच्यावर उपचार केले. दोन दाढा गेल्या. पुढचे दात ती वीस वर्षांची होईपर्यंत तरी होते. त्यानंतर ते कुटुंब इचलकरंजीकडे गेलं आणि पत्ता राहिला नाही. दात राहिले ते आमच्या उपचारानं, की आजारच आपण होऊन थांबला, हे मला आजही सांगता येणार नाही. कधी कधी तो आपण होऊन थांबतो. तीस वर्षं मी हेच शिकवते आहे. फळ्यावर आकृती काढते, मुलं उतरवून घेतात, आणि त्यांतलं कुणीतरी ‘का’ विचारतं, तेव्हा सरांचंच उत्तर देते.

पण त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. उज्ज्वला खुर्चीत चढून बसली, सांगायच्या आधीच तिनं तोंड उघडलं. दात पांढरेशुभ्र, हिरड्या घट्ट, गुलाबी. कुठं कीट नाही. शंभर मुलींत उठून दिसावं असं तोंड. मी बजरंगकडे बघून हसलेसुद्धा.

मग एक्स-रे काढला. फिल्म ओली असतानाच मी ती खिडकीच्या उजेडाला धरली. खालच्या दोन्ही पहिल्या दाढांच्या कडेला हाडात खळगा पडला होता. लहानसाच. ज्याला बघायची सवय नाही त्याला दिसणारही नाही असा.

बजरंग माझ्या शेजारी उभा होता. तो फिल्मकडे बघतच नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी चेहरा तसाच ठेवायचा प्रयत्न केला. बराच केला. त्यानं डोळे मिटून घेतले.

“माझे चांगलेत न्हवं, मॅडम?” खुर्चीतून उज्ज्वलानं विचारलं.

मी बोलायच्या आत बजरंग वळला. “लई चांगलेत,” तो मोठ्यानं म्हणाला. “मॅडम जरा साफ करून देणार हायत. आ कर. मोठा आ कर, घाबरायचं न्हाई.”

तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि तिचा हात हातात धरला. मी हात धुतले, तीच अवजारं उकळत्या पाण्यातून काढली आणि पहिल्या दाढेपासून सुरुवात केली.